वणव्यात वाचलेलं एकच घर

त्या एप्रिलमधला वणवा मला आजही एकेका तासासकट आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गावचा, हेही धड सांगता यायचं नाही. हे प्रकरण मिसळलं नाही, कारण यात मी एका निरपराध बाईला तिच्याच तोंडून गुन्हेगार ठरवून घेतलं होतं आणि जन्मठेपेपर्यंत नेणारं कलम लावून मोकळा झालो होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्या गावातल्यांना ती माहीत आहेत आणि इतरांना त्यांची गरज नाही.

तेव्हा मी नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर, उमरेड रस्त्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत सागाचं जंगल होतं. जंगलाच्या पूर्वेला एक जुनं गाव आणि पश्चिमेला दहा-बारा बंगल्यांचं नवं लेआउट. मध्ये अर्धा तास चालत जावं इतकं जंगल. गावातले लोक शेतकरी, उन्हाळ्यात मोहफुलं वेचणारे. लेआउटमध्ये नागपुरातून निवृत्त होऊन मोकळ्या हवेसाठी आलेली मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसाला जंगलाकडे उघडणारी खिडकी मिळाली की तो हरखून जातो. मी स्वतः आता नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ राहतो आणि सकाळी गॅलरीत उभा राहून तेवढाच हरखतो, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही.

हिवाळ्यात वनखात्याने गाव आणि लेआउट, दोन्हीकडे वणव्याबाबत नोटीस वाटली होती. खाली वन अधिकाऱ्याची सही होती आणि माझीही. जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक घराभोवती तीस फूट जागा मोकळी ठेवावी. भाताची वाळकी तनस, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या भिंतीला लावून रचू नयेत. छपरावरचा पाचोळा काढावा, घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. गोळा केलेला पाचोळा खड्ड्यात टाकावा, जाळू नये. नियम शहाणपणाचे होते. ते अशा सरकारी मराठीत लिहिले होते की मला स्वतःला दोनदा वाचावे लागले. गावातली नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि आठवड्यात तिचा खालचा अर्धा भाग कोणाच्या तरी बकरीने खाल्ला. लेआउटमधल्या मंडळींनी ती प्लास्टिकमध्ये घालून फाटकाला टांगली. सही करून मी दुसऱ्या कामाला लागलो.

आगीचा फोन दुपारी दीडच्या सुमारास आला. लेआउटमधल्याच एका गृहस्थांनी केला होता. नागपूरच्या सदर भागातल्या एका मोठ्या कार्यालयातून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले, लेआउटच्या समितीचे अध्यक्ष. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. अग्निशमनची गाडी त्यांनीच बोलावली होती. आम्ही पोचलो तेव्हा पश्चिमेचा वारा सुटला होता आणि आग जंगल पार करून गावाच्या शेवटच्या ओळीत शिरली होती. सागाची वाळलेली पानं पापडासारखी असतात. जळत्या पानांचे तुकडे उडत येऊन कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरांवर पडत होते. त्या ओळीत सात घरं होती. बहुतेकांच्या भिंतीला तनशीचा नाहीतर पऱ्हाट्यांचा ढीग लावलेला. संध्याकाळी आग विझली तेव्हा सहा घरं गेली होती. एका घरात लकव्याने खाटेवर पडून असलेले एक म्हातारे होते. मुलं शेतात होती. त्यांना बाहेर काढायला कोणी पोचू शकलं नाही.

सातवं घर वाचलं. ते जंगलाला सगळ्यात जवळचं होतं. एका विधवा बाईचं. मेलेले म्हातारे तिचे मोठे दीर आणि त्यांचं घर तिच्या शेजारचं.

पोलिसात एक सवय लागते. जिथे सगळ्यांचं नुकसान होतं तिथे ज्याचं झालं नाही त्याच्याकडे आपण आधी पाहतो. चोरीत ही सवय पुष्कळदा कामी येते. त्या संध्याकाळी मी पंचनामा करताना त्या शाबूत घराकडे पाहिलं आणि माझ्या मनात एक खूण झाली. हवालदाराने तीच गोष्ट तोंडाने म्हटली. तो माझा रायटर, जबाब-पंचनामे लिहिणारा, मुरलेला माणूस. "साहेब, आगीले का डोळे असतात काय? बाकीची सहा घेतली न् हेच काहून सोडलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझ्या टेबलावर दोन कागद आले. पहिला मेलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाचा, म्हणजे त्या बाईच्या पुतण्याचा जबाब. फाल्गुनात त्याचं आणि काकूचं तनशीच्या ढिगावरून भांडण झालं होतं. ढीग दोन घरांच्या मधल्या बोळात, त्याच्या भिंतीला होता. काकू म्हणत होती काढ, तो काढत नव्हता. शेवटी ती भररस्त्यात ओरडली होती, "एक दिस जळसान सारे!" हे ऐकणारे चार साक्षीदार त्याने दिले. शिवाय तिचं जंगलात मोहाचं झाड होतं. त्या भागात मोहाची झाडं घरांनी वाटून घेतलेली असतात. सरकारी कागदावर काही नसतं, पण अमकं झाड अमक्या घरचं हे सगळं गाव मानतं. मोहफुलं पहाटे गळून पडतात, पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची पानं जाळून जमीन साफ करायची जुनी रीत आहे. काकूने आगीच्या दिवशी सकाळी झाडाखाली जाळ केला होता, धूर त्याने पाहिला होता.

दुसरा कागद साहेबांचा अर्ज. चार पानी, टाईप केलेला, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. गावकरी दरवर्षी मोहासाठी जंगल पेटवतात, नोटिशीला जुमानत नाहीत, आता माणूस मेला, दोषी व्यक्तीवर कठोर कारवाई करून तिला गावातून हलवावं. भाषा नेमकी होती आणि अर्ज रास्त वाटत होता. अर्ज देताना ते म्हणाले, "मी स्वतः धूर पाहिला हो. त्या म्हाताऱ्याचं काही केल्या मनातून जात नाही." ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बाईला मी दुपारी ठाण्यात बोलावलं. पन्नाशीची, वाळकी, हाताला राख आणि पोळल्याचे चट्टे. महिला शिपाई शेजारी बसवली, रायटर लिहायला बसला. मी तयारी करून बसलो होतो: आधी गोड बोलायचं, मग भांडणावर यायचं, मग साक्षीदारांची नावं काढायची. काहीच लागलं नाही.

"काल सकाळी जंगलात गेली होतीस?"

"हाव साहेब."

"मोहाखाली जाळ केला?"

"केला."

"आग तूच लावलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हाव. मीच लावली. माह्यानंच झालं हे. माहे भासरे माह्या हातानं गेले." भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ.

"भांडणात जळाल म्हणाली होतीस?"

"म्हनली होती. माह्या तोंडालेच आग लागो."

रायटरने वहीवरून मान वर केली. इतकी सोपी चौकशी त्यानेही कधी लिहिली नव्हती. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण भांडण होतं, साक्षीदार होते, धूर पाहणारा होता आणि शाबूत घर होतं. मी घर जाळण्याचं आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. जामीन मिळणारी कलमं नव्हती ती. बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, म्हणून त्याआधीच अटक दाखवली, स्टेशन डायरीला नोंद केली, आणि बाहेर जमलेल्या दोन वार्ताहरांना सांगितलं की आरोपी महिलेने गुन्हा कबूल केला आहे. तीस तासांत गुन्हा उघड. वरिष्ठांचा शाबासकीचा फोन आला आणि मला तो गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टाने तिला तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

गावात त्याच दिवशी ठरलं की तिला परत येऊ द्यायचं नाही. पुतण्याने तिच्या दाराला आपलं कुलूप लावलं. दिराच्या तेरवीच्या स्वयंपाकाला तिच्या घरचं पाणी चालणार नाही, असंही कोणीतरी जाहीर केलं.

आता राहिला होता एक सोपस्कार. आरोपीने जागा दाखवायची आणि पंचांसमक्ष तिचा पंचनामा करायचा. कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला घेऊन जंगलात गेलो. दोन पंच, महिला शिपाई, रायटर, मी, आणि वनखात्याकडून एक वनरक्षक. हा वनरक्षक कमी बोलणारा माणूस. आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलात, पंधरा वर्षं पायी फिरलेला. पंचनाम्यात त्याची सही फक्त झाडाच्या जातीच्या नोंदीपुरती हवी होती.

सगळं जंगल काळं पडलं होतं. बुटाखाली राख कुरकुरत होती. बाई पुढे चालत होती. तिच्या मोहापाशी थांबली आणि बोट दाखवलं. बुंध्याभोवती राख होती. मी रायटरला म्हटलं, लिही. तो लिहू लागला. वनरक्षक मात्र झाडाभोवती फिरत होता, मग पलीकडच्या सागांमध्ये गेला, परत आला आणि उकिडवा बसून जमीन पाहू लागला.

"काकू," तो बाईला म्हणाला, "खराटा फिरवला होता का वो भवताल?"

"फिरवल्याबिगर कोन लावते, भाऊ?" बाई म्हणाली. जणू त्याने विचारलं होतं की जेवताना तोंड उघडतेस का. "पहिले भवताल झाडून माती मोकळी केली, मंग मधात जाळ. विझल्यावर माती बी टाकली. घागर बी ओतली. पन एखांदी ठिणगी उडाली असन न् मले दिसली नसन."

वनरक्षक उठला. "साहेब, हे आग इथून गेली नाही. इथं आली."

मला राग आला. खरंच आला. पंचनाम्याचे दोन परिच्छेद लिहून झाले होते. मी विचारलं, कशावरून.

त्याने मला हाताला धरून नेल्यासारखं नेलं. मोहाच्या बुंध्याभोवती राखेचं वर्तुळ होतं, त्याबाहेर पाच-सहा हात रुंद उघड्या मातीचा पट्टा आणि त्याबाहेर पुन्हा काळं जंगल. मधला पट्टा पूर्ण गोल होता. त्यावर वाऱ्याने आणलेली राख होती, पण जळालेलं काही नव्हतं. मग त्याने सागांची खोडं दाखवली. वाऱ्यावर धावणारी आग खोडाला समोरून लागते, पण ज्वाळा वर चढते ती खोडाच्या मागच्या, आडोशाच्या बाजूने. म्हणून खोडाच्या ज्या बाजूला काळं उंच, त्या बाजूला आग गेली. मोहाच्या पूर्वेला, गावाकडे, सगळ्या खोडांचं काळं पूर्वेला उंच होतं. ते मला अपेक्षितच होतं. मग तो मला मोहाच्या पश्चिमेला घेऊन गेला, जिकडे बाईची आग वाऱ्याविरुद्ध जाऊच शकत नव्हती. तिथेही प्रत्येक खोडाचं काळं पूर्वेलाच उंच. म्हणजे आग पश्चिमेकडून धावत आली, तिच्या झाडाला वळसा घालून गेली आणि गावात शिरली.

"म्हणजे हिची आग..." मी म्हटलं.

"हिची आग तिथंच मेली, साहेब. त्या गोलात."

कबुली होती, साक्षीदार होते. पंचनामा आहे तसा सही करून घेतला असता तर कोणी विचारलंही नसतं. वनरक्षकाची सही झाडाच्या जातीपुरतीच होती. हे मी तेव्हा मनात बोललो होतो, म्हणून इथे लिहितो. मग रायटरला म्हटलं, लिहिलेलं राहू दे, नवीन पान घे. बाईला महिला शिपायाबरोबर मोहाखाली बसवलं आणि आम्ही खोडं वाचत उलटे, पश्चिमेकडे चालू लागलो.

जसजसे पुढे गेलो तसतसा जळालेला भाग अरुंद होत गेला आणि खोडांवरचं काळं खाली उतरत गेलं. आधी छातीइतकं, मग गुडघ्याइतकं. शेवटी एका जुन्या सागाच्या खुंटापाशी सगळं संपलं. खुंट नव्हताच, त्या जागी पांढऱ्या राखेने भरलेला खड्डा होता. वनरक्षकाने त्यात काठी घातली, ती हातभर आत गेली. वाळक्या खुंटाची मुळं जमिनीखाली जळत राहतात, वरून पाणी ओतलं तरी कळत नाही, आणि दुपारी वारा सुटला की तोंड उघडतात. खुंटाच्या पुढे दहा पावलांवर तारेचं कुंपण होतं. कुंपणाच्या बाहेरून, सरळ रेषेत, एक जाळलेला पट्टा गेला होता. कुंपणाच्या आत हिरवळ, गुलाबाच्या कुंड्या आणि साहेबांचा बंगला.

साहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा सांगितला. मी आगीचा विषय काढला नाही. नोटिशीचा काढला. गावात कोणी पाळत नाही, तुमच्याकडे काय परिस्थिती, असं विचारलं. ते उठून आत गेले आणि फाईल घेऊन आले. नोटिशीतल्या वाक्यांखाली लाल रेघा होत्या.

"हे पाहा, तीस फूट. आमच्या लेआउटमध्ये मी एकट्याने अक्षरशः पाळलं. गच्चीवरचा पाचोळा काढला, आंब्याची फांदी तोडली. मागच्या बाजूला मात्र जंगलच भिडलेलं. तिथली पानं रोज झाडायची तर किती झाडणार? मग मी पट्टा जाळून घेतला. माळ्यावर नाही सोडलं, स्वतः उभा राहिलो. चार बादल्या भरून ठेवल्या होत्या."

"कधी?"

"आग लागली त्याच दिवशी, सकाळी साडेसातला. नशीब म्हणायचं, नाहीतर आमचीही घरं गेली असती."

रायटरची पेन्सिल थांबली. मी म्हटलं, त्याच नोटिशीत शेवटी लिहिलंय की जाळू नये.

"ते बेजबाबदार लोकांसाठी," साहेब म्हणाले. "वनखात्याचे लोक स्वतः थंडीत जाळरेषा जाळतात. मी पाहिलंय. तसंच केलं."

"साहेब," वनरक्षक पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलला, "आमी पहिले दोन्ही कडा झाडतो. वाळकं खुंट खनून काढतो. न् चैतात नाही जाळत."

मी त्यांना कुंपणाबाहेर घेऊन गेलो. खुंटाचा खड्डा दाखवला, काठी आत घालून दाखवली, मग खोडं. ते हुशार माणूस होते. मला जे समजायला तास लागला ते त्यांना पाच मिनिटांत समजलं. त्यांनी गावाच्या दिशेने एकदा पाहिलं आणि मग खालीच बसले, पांढऱ्या लेंग्यानिशी, राखेत. "मी तिला गावातून काढा म्हणून लिहून दिलं," ते म्हणाले. चार पानी अर्जातलं एवढंच त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. मी त्यांना हात देऊन उठवलं.

परत मोहाखाली आलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाई तशीच बसून होती. मी तिला सांगितलं, तुझी आग पसरली नाही, आग दुसरीकडून आली. तिला पटेना. तिला वाटलं मी कायद्यातली काही युक्ती करतोय. मग वनरक्षकाने तिला त्या मातीच्या पट्ट्यावरून एक पूर्ण फेरी मारून आणली, खोडं दाखवली. ती जंगलातच वाढलेली. एकदा पाहिल्यावर तिला शिकवावं लागलं नाही.

"मंग भासरे माह्या हातानं नाही गेले?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की ना, साहेब?"

"नक्की."

तेव्हा ती रडली. मोहाच्या बुंध्याला डोकं टेकवून, मोठमोठ्याने, दिराला हाका मारत. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर जायची वाट त्यांनी दाखवली होती, नवरा गेल्यावर पहिलं पोतं तांदूळ त्यांनी आणून टाकलं होतं, असं सगळं सांगत रडली. महिला शिपायाने नंतर मला सांगितलं की कोठडीत तीन दिवस बाई रडलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली होती, मारनाऱ्यानं कोन्या तोंडानं रडावं? मी पाठ फिरवून उभा राहिलो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

तिच्या घराचा उलगडा परत येताना झाला. तो इतका साधा होता की सांगायलाही संकोच वाटतो. वेचलेली मोहफुलं वाळवायला स्वच्छ, सारवलेली जमीन लागते; काडी-कचरा लागला तर फुलं नासतात. तिच्याकडे शेत थोडं, म्हणून मोह जास्त. अंगण कुंपणापर्यंत, चारी बाजूंनी, ती रोज झाडून सारवायची. भिंतीला तनशीची काडी नव्हती. आग अंगणाच्या काठापर्यंत आली आणि खायला काही मिळालं नाही म्हणून थांबली. छपरावर पडलेली पानं तिने शिडीवर चढून हाताने खाली ओढली होती, हातावरचे चट्टे त्याचे. नोटीस तिने वाचलेली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या कागदावरची तीस फूट मोकळी जागा सगळ्या हद्दीत कोणी खरी ठेवली असेल तर तिने. मी त्याच अंगणाचा पुरावा करून तिला अटक केली होती.

तिला सोडण्याचा अहवाल दुसऱ्याच दिवशी कोर्टात दिला. गावात मी स्वतः गेलो, चावडीवर लोक जमवले आणि सांगितलं की तपासात माझी चूक झाली. गणवेशात असं बोलायची सवय नसते, आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. पुतण्याने कुलूप काढलं. तेरवीला ती पंगतीत वाढायला होती.

साहेबांवर आगीबाबत हयगय आणि निष्काळजीपणाने मृत्यू, ही कलमं लागली. खटला उभा राहिला तेव्हा बाई सरकारी साक्षीदार होती. साहेबांच्या वकिलाने त्याच्या धंद्याप्रमाणे तिच्यावर परत फास टाकला. त्या दिवशी तुम्हीही आग लावली होती ना? तिने सरळ सांगितलं, लावली होती. मग मॅजिस्ट्रेटकडे वळून, साहेबांकडे हात करत म्हणाली, "साहेबाईनं बी विझवली होती, जी. आमच्यात लेकराले बी माहीत असते, का पहिले भवताल झाडून घ्याचं, मंग लावाचं. त्याईले कोन सांगन? आमी रोज टोपले घेऊन त्याईच्या कुंपनापासून जात होतो. त्याई आमच्याशी बोलले नाही न् आमी त्याईच्याशी."

साहेबांनी वकिलाला खाली बसायला सांगितलं आणि गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, ती त्यांनी अपील न करता भोगली. त्या दिवशी कोर्टाबाहेर पायऱ्यांवर त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. मी दोन पायऱ्या वर उभा होतो. चावडीवर मी गावाला चूक सांगितली होती, पण तिला एकटीला काही म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही.

ते निवृत्तीनंतर केलं. एका चैत्रात मुद्दाम गावात गेलो. जळालेली सहा घरं पुन्हा उभी होती. एकाच्याही भिंतीला तनस नव्हती; ढीग सगळे गावाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. बाई अंगणात फुलं पसरत होती. मी म्हटलं, बाई, मी तुझी माफी मागायला आलोय. तिने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि हातातलं काम चालू ठेवून म्हणाली,

"तुमी इचारलं का आग लावली, मी हाव म्हनलं. कशी लावली, इझवली का नाही, हे इचारलं असतं तं तेबी सांगतलं असतं, साहेब. तुमी इचारलंच नाही."

ती रागावून बोलली नव्हती. रायटरच्या हातचा तो जबाब मी नंतर कित्येकदा डोळ्यांसमोर आणला आहे. माझे प्रश्न चार. पाचवा विचारला असता तर मी त्याच दिवशी जंगलात गेलो असतो, आणि तिला आपल्या माणसासाठी तीन दिवस आधी रडता आलं असतं.